सांधेदुखी असताना सौम्य योगासनं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठांच्या योगवर्गात शिकवताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. कधी वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता, कधी फोनवर, कधी मुलीने आईच्या वतीने विचारलेले. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. तुमच्या सांध्यांचा निर्णय मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गुडघे झिजलेत असं डॉक्टर म्हणाले. आसनं केली तर ते आणखी झिजणार नाहीत का?

ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. "वंगण संपलंय", "गॅप कमी झालाय" असं एकदा ऐकलं की माणूस गुडघा जपायला लागतो, म्हणजे तो हलवणंच बंद करतो. नुकसान खरं तर तिथून वाढतं.

हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि तो द्रव आतबाहेर होण्यासाठी सांधा हलावा लागतो. स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की आत शिरतं, तसंच हे काम चालतं. शिवाय गुडघ्याचा बराच भार मांडीचे पुढचे स्नायू पेलतात. महिनोन्महिने न वापरल्यावर ते लुळे पडतात आणि तोच भार थेट सांध्यावर येतो.

म्हणून सौम्य, मापातल्या हालचालीने गुडघा झिजत नाही. वजन अंगावर असताना गुडघा खोल वाकवणं, पाऊल जमिनीवर रोवून गुडघ्याला पीळ देणं, झटके देणं, यांनी मात्र त्रास होतो. एक्स-रेला घाबरून तर मुळीच बसू नका. फोटोत झीज भरपूर आणि दुखणं थोडं असलेली माणसंही असतात, आणि याच्या उलटही असतात.

संधिवात असलेल्या सगळ्यांना एकच आसनं चालतात का?

नाही. कोणता विकार आहे हे न विचारता सगळ्यांकडून तेच करून घेणाऱ्या वर्गात जाऊ नका.

वयानुसार होणाऱ्या झिजेत सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, आणि चाललं, जिने चढले की दुखतं. इथे स्नायूंना बळ देणं हे मुख्य काम. आमवात, ज्याला डॉक्टर रुमेटॉइड म्हणतात, त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटते. सकाळी तास तासभर बोटं मिटत नाहीत, बहुधा दोन्ही हातांचे सांधे सुजतात, थकवा येतो. इथे सांधा सुजलेला आहे की शांत, यावर त्या दिवसाचा सराव ठरतो. तरुण वयात कंबर-पाठ आखडणं, पहाटे दुखून जाग येणं आणि हालचाल केली की बरं वाटणं, ही लक्षणं कण्याच्या दाहाची असू शकतात. त्यात नियमित व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो, पण कणा जखडलेला असेल तर जोराचे पीळ आणि मान मोडून घेणं धोक्याचं. युरिक अॅसिडमुळे पायाचा अंगठा लालभडक सुजला असेल, तर ते दिवस त्या पायाला पूर्ण विश्रांती द्या.

महाराष्ट्रात आणखी एक मोठा गट आहे, चिकुनगुनियानंतर सांधे धरलेल्यांचा. 2006 च्या साथीत आणि 2024 मध्ये पुण्यात अनेकांनी हे सोसलं. ताप जातो आणि घोटे, मनगटं, बोटं महिनोन्महिने दुखत राहतात. यांनी सूक्ष्म हालचालींनी सुरुवात करावी आणि घाई करू नये. तीन महिने उलटूनही सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सांधे धरण्याचं कारण वेगळंही निघू शकतं.

योगाने संधिवात बरा होतो का?

झिजलेली कूर्चा आसनांनी परत येत नाही आणि आमवात मुळासकट जात नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा.

मग मिळतं काय? दिल्लीच्या एम्समध्ये आमवाताच्या 72 रुग्णांवर 8 आठवड्यांचा अभ्यास झाला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधं चालू ठेवून योग करणाऱ्यांमध्ये आजाराची तीव्रता आणि नैराश्य, दोन्ही कमी झालेलं दिसलं, रक्तातले दाहाचे घटकही उतरले. तिथला सराव दिवसाला 2 तास, आठवड्यातून 5 दिवस इतका होता, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आमवात किंवा गुडघ्याची झीज असलेल्या, फारशी हालचाल नसलेल्या 75 जणांना घेतलं. आठवड्याला 2 वर्ग आणि एकदा घरी सराव, असं 8 आठवडे चाललं. वेदना, उत्साह आणि रोजची कामं करण्याची क्षमता सुधारली, आणि 9 महिन्यांनी पाहिलं तेव्हाही बराचसा फायदा टिकून होता. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाची ठाम शिफारस केली आहे. योगाची शिफारस आहे, पण सशर्त. मला ही मांडणी प्रामाणिक वाटते.

आराम पडला की गोळ्या बंद करू का?

नाही. आमवाताची औषधं सांध्यांची मोडतोड रोखतात, आणि ती मोडतोड दुखणं थांबल्यावरही आतल्या आत चालू राहू शकते. मेथोट्रेक्सेटसारखी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून परस्पर सोडणारे बरेच जण असतात, आणि काही महिन्यांनी ते वाकड्या झालेल्या बोटांनी परत येतात. डोस कमी करायचा तर तो डॉक्टर करतील. त्यांना तुमचा सराव सांगा, त्यांनाही ते हवं असतं.

मला खाली बसताच येत नाही. मग योग कसा करणार?

खुर्चीवर. आणि तो पूर्ण योग असतो, त्यात कमीपणा काही नाही.

पुण्यात राहून बी. के. एस. अय्यंगार यांनी या बाबतीत जे काम केलं त्याचं मोल दुखऱ्या सांध्यांच्या माणसाला विचारावं. लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, घोंगड्या, भिंतीला बांधलेले दोर, घडीची लोखंडी खुर्ची यांच्या आधाराने त्यांनी अवघड आसनं म्हाताऱ्या आणि आजारी शरीरांपर्यंत पोचवली. 1975 मध्ये त्यांनी पुण्यात सुरू केलेल्या संस्थेत आजही तशीच साधनं वापरली जातात.

घरी विकत आणण्यासारखं फार काही लागत नाही. जेवायचा पाट ठोकळ्याचं काम करतो. जुनी ओढणी किंवा उपरणं पट्टा म्हणून चालतं. बैठकीतला लोड, दोन घट्ट घडी केलेल्या सोलापुरी चादरी, एवढं पुष्कळ झालं. खुर्ची मात्र नीट निवडा. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फाकतात, चाकांची खुर्ची सरकते. चार पायांची, हात नसलेली, मजबूत खुर्ची घ्या, ती भिंतीला टेकवा आणि गुळगुळीत फरशी असेल तर तिच्याखाली रबरी चटई घाला.

ज्यांना हळदीकुंकवाला किंवा सत्यनारायणाच्या पूजेला खाली बसता येत नाही त्यांना चारचौघांत संकोच वाटतो. वर्गातही बायका तेवढ्यासाठी मागच्या कोपऱ्यात उभ्या राहतात. शिक्षकांनीच पहिल्या दिवशी पुढच्या रांगेत चार खुर्च्या मांडून ठेवल्या की हा प्रश्न मिटतो.

गुडघ्यांसाठी घरी नेमकं काय करू?

तीन गोष्टी सांगते. या रोज झाल्या तरी खूप झालं.

पहिली पलंगावर पडून. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, पावलाची बोटं स्वतःकडे ओढा आणि गुडघ्याने गुंडाळी खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे. 5 आकडे थांबा, सोडा. प्रत्येक पायाने 10 वेळा. हे आसन नव्हे, फिजिओथेरपिस्टचा व्यायाम आहे, पण सुरुवातीला याच्याइतकं निर्धोक दुसरं काही मला माहीत नाही.

दुसरी, सुप्त पादांगुष्ठासन. तेही पलंगावर चालतं. डावा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. ओढणी उजव्या तळव्याला अडकवून दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरा आणि पाय वर उचला. पाय काटकोनात यायलाच हवा असं नाही, अर्ध्यावर आला तरी चालेल. बघायचं ते असं: टाच पुढे ढकललेली, गुडघ्याची वाटी मांडीच्या दिशेने वर खेचलेली, खांदे गादीवर सैल. दात-ओठ आवळले गेले तर पाय खाली आणा, तुम्ही जास्त ताणताय. 5-6 शांत श्वास घ्या, मग दुसरा पाय.

तिसरी खुर्चीतून उठण्याची. दिसायला सोपी, पण सर्वांत जास्त कामाची. खुर्चीवर चादरीची घडी घालून आसन उंच करा. साडी असेल तर निऱ्या जरा वर खोचा, पायात येऊ देऊ नका. पुढच्या कडेवर बसा, पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. उठताना दोन्ही गुडघे आत कोसळतात का बघा, बहुतेकांचे कोसळतात. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. बसताना धपकन बसू नका, मनात चार मोजत बसा. सुरुवातीला हातांनी मांडीचा आधार घेतला तरी हरकत नाही. 5 वेळा पुरे. काही आठवड्यांनी चादर काढता आली की समजा, मांड्यांत ताकद आली.

वज्रासन रोज जेवणानंतर करते. चालू ठेवू का?

गुडघ्यात झीज किंवा सूज असेल तर थांबवा. वज्रासनात गुडघा पूर्ण मिटतो आणि त्यावर अंगाचं वजन येतं. "आमच्या घरी सगळेच करतात" हे कारण पुरेसं नाही. फारच सवय असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर मांड्या आणि पोटऱ्यांच्या मध्ये जाड लोड ठेवून बसून पाहा. तरीही दुखलं तर खुर्चीत ताठ बसा. मांडी घालतानाही ढुंगणाखाली उंच घडी हवी, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात. पद्मासनाचा हट्ट सोडून द्या.

सूर्यनमस्काराबद्दलही विचारतात. मनगट, खांदा किंवा गुडघा दुखरा असेल तर जमिनीवरचे नकोत. खुर्चीच्या पाठीला धरून किंवा भिंतीला तळवे टेकवून केलेली सौम्य आवृत्ती चालते, आणि संख्येचा मोह नको.

हाताची बोटं आणि मनगट दुखतात. तळव्यांवर भार द्यावा का?

सुजलेल्या मनगटावर नको. मार्जारासन करायचं असेल तर टेबलावर कोपर टेकवून उभ्याने करा, पाठीला तोच फायदा मिळतो.

बोटांसाठी कोमट पाण्याचं पातेलं घ्या आणि हात पाण्यात ठेवूनच हालचाली करा. मूठ सैल मिटा आणि पूर्ण उघडा. अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावून मोठा गोल करा. हात टेबलावर पालथा ठेवून बोटं एकेक करून अंगठ्याच्या दिशेने सरकवा. आमवातात बोटं करंगळीकडे झुकायला लागतात, म्हणून सरकवायची दिशा अंगठ्याचीच. याच कारणासाठी ओली चादर पिळणं, बरणीचं घट्ट झाकण बोटांच्या जोरावर उघडणं टाळा. झाकण तळव्याने फिरवा.

सर्वांगासन, शीर्षासन, हलासन?

आमवात असलेल्यांनी करू नये. या आजारात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल झालेला असू शकतो, आणि तिथे मज्जारज्जू अगदी जवळ असतो. मान दुखत नसली तरी हे लागू आहे. मान गोल गोल फिरवणंही नको. काचबिंदू आणि उच्च रक्तदाब असलेल्यांनीही डोकं खाली जाणारी आसनं टाळावीत.

अनेक वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडं ठिसूळ झालेली असतात. त्यांनी पाठ गोल करून खोल पुढे वाकू नये, पश्चिमोत्तानासनसुद्धा नाही.

किती दुखलं तर थांबायचं?

ताण पडणं आणि दुखणं यांतला फरक थोड्या दिवसांत कळू लागतो. स्नायूच्या मध्यभागी ओढ जाणवली तर ठीक. सांध्याच्या आत टोचलं, चमक आली, गुडघा अडकला किंवा निसटल्यासारखा वाटला, तर ताबडतोब थांबा.

दुसरी खूण नंतरची. सराव संपल्यावर वाढलेलं दुखणं 2 तासांत पूर्ववत झालं नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा जास्त सुजला, तर आदल्या दिवशी जास्त झालं होतं. आसनं बंद करू नका, पुढच्या वेळी निम्मी करा.

आमवात उसळला असेल, सांधे गरम आणि सुजलेले असतील, तेव्हा उभ्याची आसनं नकोत. दुखरा सांधा दिवसातून एक-दोनदा, जितका सहज जाईल तितकाच हलवायचा, आणि बाकी वेळ आधार देऊन शवासन. असे दिवस आले म्हणजे सराव मोडला असं समजू नका.

सकाळी अंग फार आखडतं. मग कधी करू?

पहाटेच करायला हवं असं काही नाही. गरम पाण्याने अंघोळ होऊ द्या, चहा-नाश्ता आणि औषध होऊ द्या, अंग मोकळं झालं की बसा. आमवाताच्या बऱ्याच जणांना दुपारी चार-पाचची वेळ सोसते. आसनांआधी पोट जड नको, एवढंच पाळा. पावसाळ्यात आणि थंडीत सतरंजीवर एक घोंगडी जास्त घाला आणि पायांत मोजे असतील तर ते उभ्याच्या आसनांना काढा, पाय घसरतो.

गुडघे वाकवताना कटकट आवाज येतो.

आवाजासोबत दुखत नसेल, सूज नसेल, तर दुर्लक्ष करा.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. आता चालेल?

चालेल, पण सर्जन आणि फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर. खुब्याचा सांधा बदलला असेल तर सुरुवातीच्या काळात खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आत वळवणं यांवर बहुधा बंदी असते. शस्त्रक्रिया पुढून झाली की मागून, यावर बंधनं बदलतात. म्हणून शेजारणीला काय सांगितलं ते तुम्ही पाळू नका, तुमचं डिस्चार्ज कार्ड बघा. गुडघा बदललेल्यांनी गुडघ्यांवर उभं राहण्याची आसनं विचारल्याशिवाय करू नयेत.

प्राणायामाचा सांध्यांना काय उपयोग?

कपालभातीने कूर्चा वाढत नाही. पण वर्षानुवर्षं दुखत असलेला माणूस सदैव आक्रसून वागतो. खांदे वर, जबडा आवळलेला, श्वास उथळ, रात्री झोप तुटलेली. आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त वाटतं. लांब सोडलेला श्वास, भ्रामरी, गुडघ्यांखाली लोड घेऊन 10 मिनिटांचं शवासन, यांनी ती आवळण सुटते. मी वर्गात शवासन कधीच गाळत नाही, वेळ कमी पडला तर आसनं कमी करते. श्वास कोंडून धरण्याचे प्रकार मात्र रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी करू नयेत.

वजन जास्त आहे. आधी वजन उतरवू की योग सुरू करू?

दोन्ही एकदम. शरीराचं वजन 1 किलो घटलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो, म्हणजे 3-4 किलोंचाही उपयोग आहे. पण सौम्य योगाने वजन फारसं उतरत नाही, त्यासाठी ताटाकडेच बघावं लागेल.

चांगला वर्ग कसा ओळखायचा? व्हिडिओ बघून केलं तर?

निदान पहिले काही आठवडे समोर माणूस हवा. तुमचा गुडघा आत कोसळतोय हे मोबाइलला दिसत नाही. शिक्षकांनी तुमचा आजार, औषधं, शस्त्रक्रिया विचारल्या का, वर्गात खुर्च्या आणि आधाराची साधनं आहेत का, एका शिक्षकामागे किती माणसं आहेत, हे बघा. पाठीवर बसून किंवा गुडघा दाबून आसन "पूर्ण" करून घेणारा शिक्षक दिसला तर तिथूनच परत या.

आपल्याकडे जुन्या, विश्वासाच्या जागा आहेत. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये सुरू केलं आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा तिथे रुजली. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट त्याहून जुनी, 1918 ची. तुमच्या गावात अशी संस्था नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या आयुष विभागात किंवा फिजिओथेरपी विभागात चौकशी करा.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि उशीर झाला तर सांधा कायमचा बिघडतो. हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा आला, पकड सुटू लागली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, पडल्यावर पायावर भार देता येईना, तर आसनं तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

फरक किती दिवसांत दिसेल?

ज्या अभ्यासांचा वर उल्लेख केला, ते 8 आठवड्यांचे होते. तितका वेळ द्या. रोजची 20 मिनिटं रविवारच्या दीड तासापेक्षा जास्त कामी येतात. आणि फरक मोजायचा तो आसन किती वाकलं यावर मोजू नका. एसटीची पायरी चढताना दांडा किती घट्ट धरावा लागतो, भाजी चिरताना मध्येच सुरी खाली ठेवावी लागते का, रात्री कूस बदलताना जाग येते का, हे आज वहीत लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा लिहा. त्यात काहीच फरक नसेल तर वही घेऊन शिक्षकांकडे आणि डॉक्टरांकडे जा, सराव बदलावा लागेल किंवा औषध.